लॉटरी बापाला लागली, थकबाकी लेकरांची आहे

पत्र:

ताई, नमस्कार. मी विडी कामगार आहे. सोलापूरजवळ कुंभारीला घरकुलात आईजवळ राहते. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. कोर्टाने 2021 मध्ये दोन्ही मुलांना मिळून महिना सात हजार पोटगी बांधून दिली. माझ्यासाठी मी काही मागितलं नव्हतं. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा कारागीर आहे. आधी देत होता, मग थांबला. एकदा मी वसुलीचा अर्ज केला तेव्हा कोर्टात पैसे भरून मोकळा झाला. त्यानंतर बावीस महिने एक रुपया नाही. विचारलं तर म्हणतो, मंदी आहे, माग बंद आहेत.

आता त्याने गल्लीत पेढे वाटले. पाच लाखांची लॉटरी लागली म्हणे. कोणी म्हणतं लॉटरी कसली, मटक्याची जोडी लागली. नवी मोटरसायकल आली. गड्ड्याच्या जत्रेत मुलाला नेलं, पाळण्यात बसवलं, बूट घेतले आणि मला ऐकवलं, "मी देत नाही का?" दीर म्हणतो, जुगाराचा पैसा म्हणजे कमाई नव्हे, त्याला कोर्ट हात लावू शकत नाही. माझी आई म्हणते, असल्या पैशाला बरकत नसते, पोरांच्या तोंडी लावू नको. मुलीने मोबाइलवर वाचलं की अमेरिकेत जिंकलेल्या पैशातून पोटगी आपोआप कापून घेतात. आपल्याकडे तसं होत नाही का? मी काय करू?

– एक बहीण, कुंभारी

उत्तर:

ताई, तुमच्या घरात या पैशाबद्दल बोलायला खूप माणसं आहेत, पण ज्याने द्यायचे तो सोडून. तुमच्या मुलीने वाचलं ते खरं आहे, तिच्यापासूनच सुरुवात करते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मुलांच्या पोटगीची थकबाकी सरकारी खात्याकडे नोंदलेली असते. मोठं बक्षीस हातात द्यायच्या आधी लॉटरीवाल्यांनी त्या यादीत नाव पाहायचं, नाव निघालं तर थकबाकीएवढी रक्कम कापून उरलेली द्यायची, असा तिथला नियम. कोलोराडोसारख्या राज्यात तर कॅसिनोलाही तो लागू आहे. आपल्याकडे अशी यादी नाही आणि अशी कपातही नाही. तुमची थकबाकी किती आहे हे लॉटरी खात्याला माहीत नाही, बँकेला माहीत नाही, आणि तुम्ही अर्ज करेपर्यंत कोर्टालाही माहीत नाही. ते सगळ्यांना कळवायचं काम इथे तुम्हालाच करावं लागणार आहे, तेही लवकर.

आता दिराचं. त्याला एवढंच सांगा की लॉटरीच्या बक्षिसावर सरकार उत्पन्न म्हणूनच तीस टक्के कर लावतं, आणि तो हातात पैसे पडायच्या आधीच कापला जातो. पाच लाख लागले असतील तर हातात साडेतीन आले. सरकारने उत्पन्न म्हणून आपला वाटा घेतला, मग लेकरांच्या वेळेसच ती कमाई नाही हे कुठलं गणित? आणि खरं सांगायचं तर तुमच्या प्रकरणात हा वाद घालायची गरजच नाही. पोटगी किती, हे 2021 मध्ये ठरून गेलं. आता प्रश्न फक्त वसुलीचा आहे, आणि वसुलीत पैसा कोणत्या वाटेने आला हे पाहत नाहीत, आज कुठे आहे ते पाहतात. किराणा दुकानदार उधारी घेताना नोट कुठून आली हे विचारत नाही. जप्तीला येणारा कोर्टाचा बेलिफही विचारत नाही.

म्हणून पहिलं काम: पैसा नेमका कसला आणि आज कुठे ठेवलाय, याचा अंदाज घ्या. पोलिसी चौकशी करायची नाही, कानावर येतं तेवढं लिहून ठेवायचं.

लॉटरी असेल तर तुमचं काम सोपं. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून चालते, तिचं कार्यालय नवी मुंबईत वाशीला आहे. लाखांतलं बक्षीस टपरीवर रोख मिळत नाही. मूळ तिकीट, पॅन, ओळखपत्र देऊन मागणी करावी लागते आणि पैसे रीतसर बँकेतून येतात. म्हणजे कागद तयार होतो. कापलेला कर त्याच्या पॅनवर जमा झालेला दिसतो. तो "मला काही लागलंच नाही" म्हणाला तरी प्राप्तिकराच्या नोंदीतून ते बाहेर येतं. तुम्हाला स्वतःला ती नोंद कोणी दाखवणार नाही, पण कोर्ट त्याला ती हजर करायला सांगू शकतं. मुद्दाम विचारा, बक्षीस हातात पडलंय की अजून यायचंय? अजून सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21, नियम 52 खाली त्या अधिकाऱ्याला नोटीस काढून ती रक्कम तिथल्या तिथे जप्त करता येते. पैसा खात्यात पडून उडायच्या आधी धरायची ही सर्वात चांगली जागा. तिकीट दुसऱ्या राज्याचंही असू शकतं. आपल्याकडे बाहेरच्या राज्यांची तिकिटंही विकली जातात, त्यामुळे राज्य कोणतं ते कळलं तर वकिलाला सांगा.

मटका असेल तर गोष्ट वेगळी. मटका आपल्याकडे बेकायदा आहे, 1887 च्या जुगार कायद्यापासून. पैज किंवा जुगाराचं देणं कोर्टातून वसूल होत नाही, असं भारतीय करार कायद्याचं कलम 30 सांगतं. म्हणून एजंटाकडे किंवा बुकीकडे त्याचे अजून पैसे यायचे असतील तर त्यांच्या मागे लागू नका. अर्जात बुकीचं नाव लिहून काही हाती लागणार नाही, वर नको ती माणसं तुमच्या दारात यायची. मटक्याचा पैसा रोख येतो आणि रोख जातो. त्याचं काय झालं ते पकडा. तुमच्या पत्रातली मोटरसायकल ही त्याची पहिली खूण आहे.

मोबाइलवरच्या पैसे लावायच्या खेळांचं विचाराल तर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा केल्यावर मोठ्या ॲपवाल्यांनी ते बंद केले. तिथली जुनी शिल्लक काढली असेल तर ती बँक खात्यातच आलेली असणार.

आता मुख्य गोष्ट, आणि ही वाचून झाल्यावर मुलीकडून पुन्हा एकदा मोठ्याने वाचून घ्या. तुमची पोटगी ज्या कलमाखाली मिळाली ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144. (1 जुलै 2024 पासून नंबर बदलले. तुमचा 2021 चा हुकूम त्यामुळे रद्द झालेला नाही, कोणी तसं म्हणालं तर ऐकू नका.) या कलमात वसुलीच्या वॉरंटला एक अट आहे: रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. तुमची थकबाकी बावीस महिन्यांची, म्हणजे 1,54,000 रुपये. त्यातले गेल्या बारा महिन्यांचे 84,000 या वाटेने सरळ मागता येतात. त्याआधीचे दहा महिने, म्हणजे 70,000, वर्षाच्या पलीकडे गेलेत. आणि तुम्ही अर्ज न करता जो महिना घालवाल त्या प्रत्येक महिन्याला आणखी सात हजार पलीकडे सरकतील. नवऱ्याला लॉटरी लागली नसती तरी मी हेच लिहिलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या बायका पोटगीचा हुकूम देवघरात ठेवल्यासारखा ठेवतात आणि वसुलीचा अर्ज करायला तीन-चार वर्षांनी उठतात. वर्षातून किमान एकदा, दिवाळी-संक्रांतीसारखं तारीख धरून, वसुलीचा अर्ज गेलाच पाहिजे. दहा महिने झाले की अर्ज करा.

पलीकडे गेलेले सत्तर हजार बुडाले का? कोर्टात बसणारे पुष्कळजण "गेले ते गेले" असं सांगतील. तेवढ्यावर उठू नका. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 ला म्हटलंय की पोटगीचा हुकूम दिवाणी कोर्टाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखाही अमलात आणता येतो, जप्ती, अटक, सगळ्या मार्गांनी. वकिलाला हा निकाल दाखवा आणि विचारा, जुन्या महिन्यांसाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावता येईल का. कोर्ट त्याला होच म्हणेल याची हमी मी देत नाही, पण न मागता सोडायची ही रक्कम नाही.

वसुलीच्या अर्जात नुसतं "थकबाकी मिळावी" लिहून भागत नाही. तसे अर्ज तारखांवर तारखा खात पडून राहतात. तुमच्याकडे या वेळी ठोस माहिती आहे, ती अर्जात आली पाहिजे. मोटरसायकलचा नंबर. नवऱ्याचं पगाराचं किंवा बचतीचं खातं कोणत्या बँकेत, कोणत्या शाखेत. लग्नानंतर तुमच्या दोघांच्या नावावर उघडलेलं जुनं पासबुक ट्रंकेत असेल तर ते काढा, खातं बऱ्याचदा तेच असतं. पेढे कधी वाटले, कोणासमोर. त्याने व्हॉट्सॲप स्टेटसला तिकिटाचा किंवा गाडीचा फोटो टाकला असेल, आणि अशी माणसं टाकतातच, तर ज्याच्या मोबाइलवर तो दिसला त्याने तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, त्यावर काही लिहू-खोडू नये आणि तो मोबाइल जपावा. असा पुरावा देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतात.

सोबत दोन मागण्या लेखी करायच्या. एक, त्याने आपल्या मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं. रजनेश निकालाने पोटगीच्या प्रकरणांत हे प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलंय, ठराविक नमुना आहे, त्यात बँक खातीही येतात. त्यात लॉटरी लपवली तर खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याचं वेगळं प्रकरण त्याच्या गळ्यात पडतं. दोन, कोर्टाने बँकेकडून थेट त्याच्या खात्याचा उतारा मागवावा. उताऱ्यात पाच लाख आले आणि चौथ्या दिवशी भावाच्या खात्यात गेले, असं दिसलं तर तुमच्या दिराचा कायद्याचा अभ्यास एवढा पक्का का होता तेही कळेल. (माफ करा, पण "कोर्ट हात लावू शकत नाही" हे सांगायला येणारा माणूस बऱ्याचदा त्या पैशाच्या जवळच उभा असतो.)

गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर ती जप्त होऊन लिलावात जाऊ शकते. वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर घेतली असेल तर गाडीला हात लागणं अवघड, पण पैसे याच्याच खात्यातून गेले हे उताऱ्यात दिसलं की "माझ्याकडे काहीच नाही" हे रडगाणं कोर्टापुढे चालत नाही. जंगम मालमत्तेने भागलं नाही तर कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट देऊन जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायला सांगू शकतं, त्यात त्याच्या नावावरची जागाही येते. सासऱ्याच्या नावावरचं घर मात्र त्याचं धरलं जाणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

तुरुंगाचं विचाराल. वॉरंट काढूनही पैसे आले नाहीत तर प्रत्येक थकीत महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि आत जाऊन आला म्हणजे देणं फिटलं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर प्रकरणात स्पष्ट केलंय. पण माझं मत विचाराल तर आत्ता तुम्ही जप्तीवर जोर द्या. खात्यात पैसा असताना माणसाला आत टाकून काय करायचं? तो आत गेला की हप्त्याचा पगारही थांबतो आणि बाहेर पैसा कोण खातंय कळत नाही. पकड वॉरंट हे "पैसे नाहीत" म्हणणाऱ्यासाठी राखून ठेवा. ते निघालं की आठ दिवसांत कोणी ना कोणी "उसने" देणारा उभा राहतो, हे सोलापुरातला कुठलाही जुना वकील तुम्हाला हसत सांगेल.

आता मला ज्याची जास्त काळजी वाटते ते लिहिते. तुम्ही अर्ज केलात की नोटीस जाईल, आणि नोटीस गेली की तडजोडीचा निरोप येईल. बहुतेक समाजातला कोणी वडीलधारा घेऊन येईल. निरोप असा असेल: "एकरकमी एक लाख घे, केस मिटवून टाक, पोरं तुझी, तो त्याच्या वाटेने मोकळा." बावीस महिने काही न मिळालेल्या बाईसमोर एक लाखाची गड्डी ठेवली की हात पुढे जातो, त्यात तुमचा दोष नाही. पण हिशेब करा. थकलेलेच दीड लाखाच्या वर आहेत. तुमचा मुलगा अठराचा व्हायला अजून सात-आठ वर्षं आहेत, मुलीला तीन-चार. एक लाखात तो मागची थकबाकीही पूर्ण देत नाही आणि पुढची सगळी वर्षं फुकटात विकत घेतो.

घ्यायचे तर पैसे जरूर घ्या. फक्त कागदावर काय लिहिलंय ते पाहून घ्या. कोर्टात दोघांच्या सहीने जो लेखी कागद देतात त्याला पुरसिस म्हणतात. छापील नमुन्यात किंवा समोरच्या वकिलाने आणलेल्या पुरसिसमध्ये एक वाक्य असतं: "अर्जदारास कायमस्वरूपी पोटगीपोटी संपूर्ण रक्कम मिळाली असून यापुढे तिची व मुलांची कोणतीही मागणी राहिलेली नाही." या वाक्यावर सही करायची नाही. त्याऐवजी असं लिहून घ्या: "थकबाकीपोटी अमुक महिना ते अमुक महिना या कालावधीची रक्कम रुपये अमुक मिळाली. मुलांची पुढील पोटगी मूळ हुकुमाप्रमाणे चालू राहील." मुलांचा हक्क आईने सही करून सोडला तरी तो मुलांपुरता संपत नाही, अशी कोर्टांची भूमिका आहे. पण एकदा सही झाली की ते सिद्ध करायला पुन्हा वर्षं जातात. पुरसिस वाचता आली नाही तर मुलीला वाचायला लावू नका, ते तिचं काम नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील वाचून देईल.

नवरा खरोखरच चांगल्या मनाने मोठी रक्कम द्यायला तयार असेल, तर थकबाकी पूर्ण फेडून वरची रक्कम मुलांच्या नावे मुदत ठेवीत ठेवायला सांगा, व्याज मुलांच्या खर्चाला आणि मुद्दल ती अठराची झाल्यावर. तसं पुरसिसमध्ये लिहून घ्या. आणि तरीही महिन्याचे सात हजार चालूच. यातलं शेवटचं वाक्य ऐकून तो किती चांगल्या मनाचा आहे ते कळेल.

गड्ड्याच्या जत्रेतल्या बुटांबद्दल. बूट परत पाठवू नका. पोराने होम मैदानात बापाचा हात धरून पाळण्यात बसायची मजा घेतली, ती त्याची आहे. पण बूट, पाळणा आणि भेळ मिळून पोटगी होत नाही. पोटगी म्हणजे ठरलेली रक्कम, ठरलेल्या वेळी, खात्यात किंवा कोर्टात, नोंद होईल अशी. तो कोर्टात "मी मुलावर खर्च केला" म्हणाला तर म्हणू द्या, शांतपणे "तो प्रेमाने केला, पोटगी बाकी आहे" एवढंच सांगा. आणि यापुढे रोख घेऊ नका. हातात दिलेले पाचशे कोर्टात पाच हजार होतात. बँकेत घ्या.

लॉटरी एकदा लागते, जॉबरचा पगार दर हप्त्याला होतो. म्हणून मला तुमच्यासाठी पगार जास्त महत्त्वाचा वाटतो. माग बंद आहेत हे कारण सोलापुरात अधूनमधून खरंही असतं, पण अनुभवी जॉबरला काम मिळत नाही असं मी तरी पाहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अंजू गर्ग प्रकरणात म्हटलंय की धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसायचं आहे. तुमच्या कामाची एक तरतूद 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आहे, कलम 20 चं पोटकलम 6. त्यात कोर्ट थेट मालकाला सांगू शकतं की याच्या पगारातून इतके कापून बाईला द्या किंवा कोर्टात भरा. आणि नुसता मालकच नाही, ज्याच्याकडे याचे पैसे येणे आहेत अशा कोणालाही. म्हणजे तुमच्या मुलीने अमेरिकेचं जे वाचलं त्याच्या जवळ जाणारी आपल्याकडची तरतूद हीच आहे, फक्त ती आपोआप चालत नाही. वेगळं राहायला लागून वर्षं झाली तरी पूर्वी एका घरात नांदलेली बाई हा अर्ज करू शकते. तो तुमच्या बाबतीत जोडावा की नाही हे वकिलाने तुमचे कागद पाहून ठरवावं.

पोटगी वाढवून मागायचीही वेळ झालीय. मुलगी नववीत आहे, पुढच्या वर्षी दहावी. 2021 चे सात हजार आज पुरत नाहीत हे सांगायला पुरावा लागतो तो शाळेच्या फीच्या पावत्यांचा, क्लासच्या पावत्यांचा, दवाखान्याच्या बिलांचा. वाढीचा अर्ज लॉटरीच्या जोरावर करू नका. तो म्हणेल, तो पैसा संपला, आणि कदाचित खरंच संपलेला असेल. मुलांच्या वाढलेल्या खर्चावर आणि त्याच्या हुन्नरावर अर्ज उभा करा. लॉटरी त्यात एका ओळीत आली तरी पुरे. एक गोष्ट आत्ताच कानावर घालते: 144 कलमाखाली मुलीची पोटगी ती सज्ञान होईपर्यंत. त्यानंतर लग्न होईपर्यंतचा खर्च हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम 20 खाली बापाकडून मागता येतो, पण त्यासाठी वेगळा दावा करावा लागतो. ती बारावी होईल तेव्हा हे आठवणीत असू द्या.

आणि तुमच्या आईचं. आईला वाईट वाटू देऊ नका, त्यांच्या पिढीने मटक्याने बसलेली घरं पाहिलीत. पण त्यांना विचारा, गेले बावीस महिने मुलांच्या ताटात कोणाचा पैसा होता? तुमच्या बोटांनी वळलेल्या विड्यांचा. तंबाखूची धूळ छातीत घेऊन तुम्ही जे भरलं, ते त्याने भरायचं होतं. येणारे दीड लाख तो मुलांना देत नाही, तुम्ही त्याच्या वतीने आधीच खर्च केलेले परत करतोय. त्यात जुगाराचा डाग तुमच्याकडे येत नाही. आईंना हे पटलं नाही तरी हरकत नाही. त्यांना देवळात जाऊ द्या, तुम्ही कोर्टात जा.

आईच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे ती मात्र धरा. एकदा जिंकलेला माणूस पुन्हा लावतो. साडेतीन लाखांतले किती आज शिल्लक आहेत, सांगता येत नाही, आणि पुढच्या महिन्यात नक्कीच कमी असतील. म्हणून हे उत्तर वाचून "मार्चमध्ये परीक्षा झाल्या की बघू" असं करू नका.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, दाखला मागितला तर "मी स्त्री आहे, अट लागत नाही" असं सांगा. फोन करायचा तर 15100. जाताना 2021 च्या हुकुमाची नक्कल न्या. ती हरवली असेल तर घाबरू नका, पोटगीच्या हुकुमाची प्रत बाईला विनामूल्य द्यायची असं कायद्यातच आहे. मागच्या वसुली अर्जाचा नंबर, त्या वेळी मिळालेल्या पैशांची पावती, तुमचं पासबुक छापून आणलेलं, म्हणजे बावीस महिने काही जमा झालं नाही हे दिसेल, आणि दोन्ही मुलांचे शाळेचे कागद. गाडीचा नंबर आणि बँकेची शाखा वेगळ्या कागदावर लिहून न्या, तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरतं.

त्याच्या दारात जाऊन भांडू नका, भावाला पाठवू नका, आणि "अर्धे माझे, अर्धे तुझे" म्हणत वसुली करून देतो सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. नोटीस लागेपर्यंत अर्जाबद्दल गल्लीत बोलू नका. तुमच्या आधी बातमी पोचली तर खातं रिकामं होईल. मुलीला मात्र सांगा, तिनेच शोधून काढलंय. तारखेला तिची शाळा बुडवून तिला सोबत नेऊ नका, अर्जात सही तुमची आहे आणि तेवढी पुरते.